मोडायला गेलं की कळतं

मागच्या वेळी आपण गटाच्या वहीतल्या अंतर्गत कर्जाबद्दल बोललो होतो. आज दागिन्यांबद्दल बोलायचंय. दागिना घालावा की घालू नये, हा काही आपला विषय नाही. दागिना कुणाला आवडत नाही? आम्हालाही आवडतो. त्याची किंमत नेमकी कशात असते, एवढंच आज बघू.

हा विषय आमच्याच गटात निघाला. आमच्यातल्या एका ताईंच्या मालकांचं ऑपरेशन अचानक निघालं. गटाचं जुनं कर्ज त्यांच्या अंगावर होतंच, त्यामुळे आणखी कर्ज मागायला त्यांना संकोच वाटला. म्हणाल्या, "लेकीने पहिल्या पगारातून हौसेने केलेलं हिऱ्याचं पेंडल आहे, ते मोडते." एवढी मोठी वस्तू घेऊन एकटीला कसं पाठवायचं? म्हणून आमच्यातल्या दोघी त्यांच्याबरोबर तालुक्याला गेलो.

सराफाने भिंग लावून पाहिलं, वजन केलं आणि म्हणाला, "साडेचौदा हजार होतील." आम्हाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तीन वर्षांपूर्वी ते ४७,९९८ रुपयांना घेतलेलं होतं, पावती सोबत होती. तो म्हणाला, "हिऱ्याचं आम्ही धरत नाही, सोन्याचे देतो." मग जिथून घेतलं होतं त्या दुकानात गेलो. तिथे थंड पाणी दिलं, खुर्ची दिली आणि सांगितलं की रोख मिळणार नाही, दुसरा दागिना घ्या, त्यात किंमत वळती करून देऊ. ऑपरेशनचे पैसे भरायला निघालेल्या बाईने दुसरा दागिना घ्यायचा!

येताना एसटीत आम्ही ती पावती नीट वाचली. खरं तर घेतानाच वाचायला हवी होती. सोनं ३ ग्रॅम, १८ कॅरेट, ११,५०० रुपये. हिरे २६,००० रुपये. मजुरी ९,१०० रुपये. त्यावर ३ टक्के जीएसटी, १,३९८ रुपये. म्हणजे ४८ हजारांत सोनं होतं पाव हिश्श्याहून कमी. बाकीचं सगळं दुकानाची पायरी उतरताच मागे राहिलं. सोन्याचा भाव मधल्या काळात वाढला म्हणून साडेचौदा तरी सांगितले.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या सासूबाईंनी ट्रंकेतून आपल्या दोन पाटल्या काढल्या. जुन्या पद्धतीच्या, झिजलेल्या, नक्षी अर्धी पुसलेली. त्याच सराफाने कस लावून पाहिला, थोडी तूट धरली आणि वजनाप्रमाणे पैसे मोजून दिले. पाटल्या जुन्या आहेत, फॅशन गेली, असं तो एका शब्दाने म्हणाला नाही. ऑपरेशन झालं. पेंडल अजून ताईंकडेच आहे, आणि लेकीला यातलं काही सांगायचं नाही अशी त्यांनी आम्हाला शपथ घातली. म्हणून नावगाव सांगत नाही.

तेव्हापासून आमच्या बैठकीत एकच विषय. हिरा एवढा महाग, तर परत घ्यायला कुणी का नाही? तो दुर्मीळ ना? एक काळ होता. अठराव्या शतकापर्यंत जगाला हिरे मुख्यतः आपल्याच देशातून, गोवळकोंड्याकडच्या खाणींतून मिळायचे. तेव्हा ते राजेरजवाड्यांपुरतेच होते. पुढे एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेत मोठ्या खाणी सापडल्या आणि हिरा मुबलक झाला. मग भाव पडायला हवा ना? आपला कांदा मुबलक झाला की काय होतं ते आपण बघतोच. पण तिथे १८८८ साली डी बिअर्स नावाची कंपनी निघाली. तिने बाजारात माल बेताबेताने सोडला. १९४७ साली त्यांच्या जाहिरातीसाठी एका बाईनेच ओळ लिहिली, की हिरा कायमचा असतो. साखरपुड्याला हिऱ्याचीच अंगठी हवी, हे अमेरिकेत घरोघरी रुजवलं ते अशा जाहिरातींनी. कांद्याला अशी कंपनी भेटली नाही, हे आमच्या एका मावशींचं म्हणणं.

आता तर कारखान्यातही हिरा तयार होतो. तोही कार्बनच, तितकाच कठीण, तितकाच चमकणारा. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, त्याला यंत्र लागतं. आणि तो खाणीतल्या हिऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. मग जास्तीचे पैसे आपण चमकेचे देत होतो की गोष्टीचे?

उलटंही होतं. आपल्या घरातलं जर्मनचं पातेलं घ्या, म्हणजे ॲल्युमिनियमचं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा धातू वेगळा काढणं फार अवघड होतं, म्हणून तो अतिशय महाग होता. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन खास पाहुण्यांना ॲल्युमिनियमच्या काट्या-चमच्यांनी जेवायला घालायचा आणि बाकीच्यांना सोन्या-चांदीचे द्यायचा, असं सांगतात. १८८६ साली विजेने हा धातू काढायची स्वस्त रीत सापडली आणि बघता बघता तो आपल्या चुलीवर आला. धातू तोच. तेव्हाही हलका होता, आताही हलकाच आहे. फक्त तो असण्यात मोठेपणा राहिला नाही. पण पातेलं म्हणून त्याचा उपयोग सम्राटाला झाला नसेल तेवढा आपल्याला झाला.

इथे एका शिकलेल्या सुनेने आम्हाला अडवलं. म्हणाली, "मग सोनं तरी काय खाता येतं का? तेही लोकांनी मानलं म्हणूनच." बरोबर आहे तिचं. शेळीसारखं सोनं दूध देत नाही, शिलाई मशीनसारखं कमावत नाही. तोही मानण्याचाच भाग. पण सोनं हजारो वर्षं, गावोगावी, देशोदेशी मानलं जातं. विकणाराही मानतो आणि घेणाराही मानतो. हिऱ्याचं मोल विकताना दुकानदार मानतो, परत घेताना मानत नाही. एकाच बाजूने मानलेली किंमत अडचणीत हाताला लागत नाही.

हे सगळं चालू असतानाच एका वहिनींचा कर्जाचा अर्ज आला. ४० हजार, लेकीच्या साखरपुड्यात जावयाला हिऱ्याची अंगठी करायला. पुढच्या घरच्यांनी मागितली नव्हती. पण मोठ्या जावेने घातली होती. आम्ही पेंडलाची गोष्ट पुन्हा सांगितली, तर वहिनी म्हणाल्या, "तुमचा हिशोब मला कळतो. पण मांडवात हिशोब कोण बघतं? बोलणी माझ्या लेकीला खावी लागतील." यावर आमच्यात बराच वेळ कुणी बोललं नाही. कारण ते खोटं नाही. लोकांच्या मानण्याला किंमत नसती, तर त्याची झळ आपल्या लेकींना बसलीच नसती.

शेवटी वहिनींनीच अर्ज बदलला. १४ हजार, लेकीला येवल्याची हातमागाची पैठणी. जावयाला साधी सोन्याची अंगठी त्यांनी घरच्या पैशातून केली. आता पैठणी तर मोडताही येत नाही. पूर्वी अस्सल जरीची जुनी वस्त्रं घेऊन त्यातली चांदी काढणारे यायचे, आता जर बहुतेक तसली नसते. म्हणजे आमचं सगळं गणित इथे लंगडं पडलं, हे कबूल. पण मागाशी बसून कुणीतरी कित्येक दिवस एकेक धागा हाताने भरलेला असतो, तो दिसतो. काठ उलटा करून बघा. हातमागाची असेल तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ असते, लोंबते धागे नसतात. आम्ही सगळ्याजणी उलटून बघूनच घेतली. कर्ज मंजूर केलं.

आता कामाचं. सोनं घेताना २२ कॅरेटवर ९१६ आणि १८ कॅरेटवर ७५० असा आकडा असतो, तो बघा. बीआयएसचं चिन्ह आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बघा. १ एप्रिल २०२३ पासून नव्या हॉलमार्क दागिन्यावर तो लागतो. मोबाईलमधल्या बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की दागिन्याची शुद्धता दिसते. पावतीवर सोन्याचं वजन, खड्यांचं वजन आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला तोंडावर विचारा, "हेच उद्या परत आणलं तर रोख किती द्याल?" तो जे सांगेल ते पावतीच्या मागे लिहून घ्या. लिहून द्यायला का-कू करत असेल, तर चहा पिऊन उठा.

पुढच्या बैठकीला आपापल्या घरातल्या पावत्या घेऊन या, आपण मिळून वाचू. ज्यांच्या पावत्या हरवल्यात त्यांनीही या, आमच्याही हरवल्यात. वहिनींचे सात हप्ते झाले, पाच राहिलेत. परवा हळदी-कुंकवाला लेक तीच पैठणी नेसून आली होती.