कचेरी सुटल्यावर



कादंबरीकार व नाटककार यांची कारकीर्द कशी घडते, यावर मी बोलावे असे शाळेच्या निमंत्रणपत्रिकेत छापले आहे खरे. परंतु वालूरच्या त्या चक्राकार बारवेत दप्तरे काठावर टाकून माझ्याबरोबर उतरणारे, आणि घरी गेल्यावर माझ्याइतकाच मार खाणारे दोघे सवंगडी पांढऱ्या मिशांनिशी पहिल्या रांगेत बसलेले दिसले, तेव्हापासून टिपणाचा कागद खिशातून बाहेर यायला तयार नाही. ग्रामस्थांनी श्रमदान करून ती बारव स्वच्छ केली, याचे मला अतीव समाधान आहे; आमच्या वेळचे बेडूक कोठे गेले, एवढा खुलासा मात्र सरपंचांनी करावा.

असो. कादंबरीत ज्याला पाच पाने लागतात ते नाटकात दारावरच्या एका थापेने साधावे लागते, आणि ते तालमीतच उमगते. तंत्राविषयी याहून अधिक मला सांगता येणार नाही. कारकिर्दीचे म्हणाल, तर जयवंत दळवींची ‘चक्र’ कादंबरी १९६३ ची, ‘संध्याछाया’ नाटक त्यानंतरच्या दशकातले. आणि हे गृहस्थ कितीएक वर्षे अमेरिकन माहिती खात्यात नोकरी करीत होते.

पण दळवी मुंबईचे झाले. आपल्या मुलखाचेच उदाहरण घ्या. सेलूहून परतूरकडे जाताना लागणाऱ्या सातोन्यात १९१३ साली जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे आपले बी. रघुनाथ, निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात कारकुनी करीत. सरकार-दरबारची जबान उर्दू, पुस्तके छापणारे पुण्या-मुंबईत, पदरी संसार, आणि तरीही दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे पाहिलेल्या या माणसाने ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘जगाला कळले पाहिजे’ अशा कादंबऱ्या, शिवाय कथा आणि कविता लिहिल्या. १९५३ साली ते गेले, तेव्हा चाळिशीच काय ती गाठली होती. सवड मिळेल तेव्हा लिहू, असे त्यांनी ठरवले असते तर आज परभणीच्या सभागृहाला द्यायला वेगळे नाव शोधावे लागले असते.

म्हणून मुलांनो, सवडीची वाट पाहू नका. नोकरी लागल्यावर, शहरात गेल्यावर, परीक्षा संपल्यावर, या सगळ्या तहकुबीच्या तारखा आहेत. आज रात्री पान लिहा. वाईट लिहा, पण लिहा. मागच्या बाकावर ज्यांचे तोंड मोबाइलच्या उजेडात चमकते आहे, त्यांनाही हे लागू आहे. आणि पुढच्या रांगेतल्या पालकांनो, पोराने वहीत अभ्यासाखेरीज काही खरडलेले आढळले तर त्याची लगेच तहकिकात करू नका.

मुख्याध्यापक महोदय, आपल्याला एकच विनंती. पुढील वर्षीच्या कार्यक्रमात सिनेमाच्या गाण्यांतून अर्धा तास काढून या मुलांनी स्वतः लिहिलेली एकांकिका बसवा. तालमींना मी येईन. प्रवासखर्च मागणार नाही.