धारेच्या आधी दगड



घरातली सुरी भाजी कापण्याऐवजी चेंगरू लागली, की आपण पात्याला दोष देतो. पात्याचे झाले, की धार लावणाऱ्याच्या हाताला देतो. पण ज्या दगडावर ती धार लावली, त्या दगडाकडे कुणी वळून पाहत नाही. आज या दगडाविषयीच, म्हणजे निसण्याविषयी, चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. शाळेत सुतारकामाच्या तासाला एक मुलगा पटाशीला धार लावी, पण धार काही केल्या सरळ येत नसे. टोके झिजलेली आणि मधला भाग पुढे आलेला. मी त्याला सर्वांदेखत म्हणालो, "तुझ्या हातात कसबच नाही." पोर खाली मान घालून गेले. संध्याकाळी गावचे सुतारकाका आले. त्यांनी निसण्यावर गुण्याची पट्टी आडवी ठेवली आणि तो दिव्यासमोर धरला. पट्टीखालून मधोमध उजेड दिसत होता. काका एवढेच म्हणाले, "गुरुजी, पोराचा हात नीट आहे. तुमचा दगड वाकडा आहे." दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली.

असे का होते? पाटा वापरून वापरून मध्ये खोलगट होतो, हे आपण पाहतो. निसणाही तसाच झिजतो, कारण आपला हात सारखा मध्येच फिरतो. खोलगट पाट्यावर चटणी वाटता येते, पण खोलगट निसण्यावर सरळ धार लागत नाही. दगडाला जितका खळगा, तितकाच फुगवटा पात्याला येतो. रंध्याचे पाते, पटाशी आणि जुन्या पद्धतीचा वस्तरा यांना तर दगड सपाटच हवा. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवून तो घासतात, म्हणून दगडाचा दोष थेट धारेत उतरतो. विळ्या-कोयत्याचे मात्र वेगळे. तिथे आपण दगडच पात्यावरून फिरवतो, म्हणून थोडा खळगा चालून जातो.

आता उपाय. निसण्यावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा ओढा. जाड काचेचा तुकडा घेऊन, त्याच्या कडा बोथट करून, तो सपाट जागी ठेवा. त्यावर वॉटर पेपर पाण्याने ओला करून चिकटवा आणि निसणा पालथा करून चहूबाजूंनी घासा. हात एकाच बाजूला दाबू नका. मधून मधून दगडाची टोके उलटसुलट करा. पाणी घालत राहा. कोरडे घासू नका, कारण दगडाची बारीक धूळ छातीत जाणे वाईट. थोड्या वेळाने पाहा. कडांच्या रेघा जातील, मधल्या राहतील. राहिलेल्या रेघा म्हणजेच खळगा. सगळ्या रेघा पुसल्या, की दगड सपाट झाला.

शिक्षक बंधुभगिनींना आणखी एक युक्ती सांगतो. भूमितीच्या तासाला उपयोगी पडेल. दोन दगड एकमेकांवर घासले, तर ते सपाट होतीलच असे नाही. एक खोलगट, दुसरा फुगीर होईल, आणि दोघे एकमेकांवर असे चपखल बसतील की आपण फसू. म्हणून एकाच जातीचे तीन दगड घ्यावेत. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर, असे आळीपाळीने आणि दर वेळी दिशा बदलून घासावेत. तिन्ही दगड कुठल्याही जोडीने आणि कसेही फिरवून नीट बसले, तर ते सपाटच असणार. दुसरा मार्गच नाही. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ या कारागीर अभियंत्याने याच तत्त्वावर लोखंडी पाटे सपाट केले आणि 1840 साली ग्लासगोच्या विज्ञानसभेत त्यावर निबंध वाचला. त्याने पाटे घासण्याऐवजी उंचवटे हत्याराने खरवडून काढले, पण तीन पाट्यांचा मेळ तोच. यंत्रांचे भाग अचूक करण्याच्या विद्येत या सपाट पाट्यांचा मोठा वाटा आहे.

शेवटी एवढेच. खळगा खोल होईपर्यंत थांबू नका. थोडा झिजला, की थोडा घासा. पाच मिनिटांत काम होते. पुष्कळ दिवस तसाच ठेवला, तर तासभर हात दुखतील आणि दगडही उगाच जाईल. आणि वर्गात किंवा घरात एखाद्याच्या हाताला नावे ठेवण्यापूर्वी, आधी त्याच्या दगडावर पट्टी ठेवून पाहा.