रविवारची आराधना आणि शनिवारची चेकशीट

बसमध्ये हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण मी रूमवर रेकॉर्ड करतोय आणि बाहेर टँकर आलाय. रूम कारेगावला, रांजणगाव एमआयडीसीच्या अगदी शेजारी. घर दौंडला.

मागच्या भागानंतर एका ताईंनी मेसेज केला होता, "दादा, आराधना म्हणजे नक्की काय?" मी लगेच उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबलो. कारण आपल्याकडे आराधना म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? कीबोर्ड, माईक, वर केलेले हात. "आज आराधना कोण घेणार?" म्हणजे आज गाणी कोण घेणार. आमच्या आजीच्या पिढीत उपासना म्हणायचे. उप म्हणजे जवळ, आस म्हणजे बसणं. जवळ बसणं. त्यात गाण्याचा उल्लेखच नाही, बघा.

मी स्वतः चर्चमध्ये गाणी घेतो, त्यामुळे गाण्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

मी एका कंपनीत क्वालिटीला आहे. कंपनीचं नाव राहू द्या. काम साधं: दर तासाला लाइनवरचे पाच पीस उचलायचे, होलचं माप घ्यायचं, चेकशीटवर रीडिंग लिहायचं, सही करायची. तर एका शनिवारी मला लवकर निघायचं होतं. रविवारची प्रॅक्टिस होती, नवीन गाणं बसवायचं होतं. कारेगाव ते दौंड बाईकने न्हावरा, पारगाव, चौफुला, पाटस असा रस्ता. उसाचा सीझन असला की डबल ट्रॉल्यांच्या मागे किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. मी काय केलं, शेवटच्या तीन तासांची रीडिंग मनानेच भरली. आधीच्या रीडिंगसारखीच, थोडी इकडेतिकडे करून, म्हणजे खरी वाटतील. सही केली आणि निघालो. प्रॅक्टिस झकास झाली.

त्या तीन तासांत मशीनचं टूल झिजलं होतं. होलचं माप बाहेर गेलं. गुरुवारी माल कस्टमरकडून परत आला. चेकशीट बघितली तर सगळं ओके, खाली माझी सही. मग दोष कोणावर? मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरवर. ठेकेदाराकडचा पोरगा, माझ्यापेक्षा लहान. "टूल वेळेवर बदललं नाही, मापानंतर पीसमध्ये काहीतरी गडबड केली." शुक्रवारी त्याचं गेट बंद. मला शुक्रवारीच कळलं. मी गप्प बसलो.

आणि रविवारी मी आराधना घेतली.

चांगली झाली, हे मुद्दाम सांगतोय. लोक रडले. मीही रडलो, आणि ते खोटं नव्हतं. संपल्यावर एक मावशी जवळ आल्या, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, आज प्रभूजवळ बसल्यासारखं वाटलं रे." मला त्यांच्याकडे बघता येईना. त्यांच्यासाठी ते खरं असेल. मी मात्र शुक्रवारपासून प्रभूपासून लांबच बसलो होतो.

परत जाताना चौफुल्याला चहाला थांबलो. तिथून आत वळलं की केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. लहानपणी संडे स्कूलच्या सहलीला गेलेले बरेच जण ऐकत असतील. मुक्ती म्हटलं की लोक १९०५ चं संजीवन सांगतात, मुली कशा रात्र रात्र प्रार्थना करत होत्या ते. खरंच आहे ते. पण १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींच्या त्या घरात दिवसभर काय चालायचं? शेती, विणकाम, तेलघाणी, धुणं, स्वयंपाक आणि छापखाना. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांनाही समजेल अशा मराठीत अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, पूर्ण बायबल छापून आलं १९२४ ला. ते मुक्तीतल्या मुली-बायकांनीच छापलं. शिशाचा एकेक खिळा हाताने उचलायचा, अक्षर उलटं दिसतं, ओळ जुळवायची, मग प्रूफ वाचायचं. मी सही ठोकून निघालो तसं त्यांच्यापैकी कोणी, "आज प्रार्थनासभा आहे, हे पान न वाचताच जाऊ दे" म्हणून उठली असती तर?

ज्या हिब्रूतून त्यांनी भाषांतर केलं, त्यात 'अवोदा' म्हणून एक शब्द आहे. त्याचा अर्थ काम आणि त्याचाच अर्थ उपासनाही. निर्गममध्ये इस्राएल लोक फारोसाठी विटा पाडतात, ते मरमर काम म्हणजे अवोदा. सुटून देवाची सेवा करतात, तीही अवोदा. मला हे कळलं तेव्हा आमच्या गेटवरचा बोर्ड आठवला. 'काम हीच पूजा'. त्या बोर्डाखालून आत जाऊन लोक ओव्हरटाइमचे पैसे मिळतील का म्हणून महिना महिना वाट बघतात. म्हणजे काम केलं की झाली उपासना, असं नाही हो. फारोही कामच करून घेत होता. आणि "मला चर्चची गरज नाही, माझं कामच माझी आराधना" म्हणणारेही मी बघितलेत. बहुतेक वेळा त्यांना रविवारी झोपायचं असतं.

माझे आजोबा दौंड यार्डात पॉइंट्समन होते. दौंड जंक्शन, गाड्यांना रविवार नसतो. कित्येक रविवार ते चर्चला आलेच नाहीत. लहानपणी मी विचारलं होतं, "आजोबा, देव रागावत नाही का?" ते म्हणाले, "गाडीत माणसं बसलेली असतात रे. पॉइंट चुकीचा लागला तर देव काय म्हणेल, ते आधी सांग." आणि सुट्टीचा रविवार आला की पहिल्या बाकावर तेच. आवाज बेसूर, पण काय जोरात गायचे!

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. वर्षानुवर्षं ऐकलेलं वचन. माझ्या बाबतीत तर माझ्याविरुद्ध काही आहे हे त्या भावाला माहीतच नव्हतं.

सोमवारी सुपरवायझरला सांगितलं. हात थरथरत होते. वॉर्निंग लेटर मिळालं, त्या वर्षीचं इन्क्रिमेंट गेलं. पोराला अकरा दिवसांनी परत घेतलं, पण अकरा दिवसांची हजेरी ठेकेदाराने दिली नाही. ती मी माझ्या पगारातून दिली. कॅन्टीनच्या मागे त्याला सगळं खरं सांगितलं. त्याने पैसे मोजले, खिशात ठेवले आणि काही न बोलता लाइनवर गेला. अजूनही आमच्यात फार बोलणं नाही. मी पुढचे दोन महिने माईक हातात घेतला नाही. पास्टरांना कारण सांगितलं, ते "बरं" म्हणाले. मी शेवटच्या बाकावर बसून बाकीच्यांबरोबर गायलो.

आता ताई, तुमचा प्रश्न. सध्या त्या लाइनवर मीच असतो. दर तासाला पाच पीस, गेज लावायचा, जे दिसेल ते लिहायचं. मशीनवर तोच पोरगा असतो. मागच्या आठवड्यात एक पीस बाहेर गेला, मी लाइन थांबवली, सुपरवायझर चिडला. पोराने टूल बदललं, पहिला पीस काढला आणि न बोलता माझ्यासमोर धरला. मी मापला, ओके लिहिलं.

चला, सेकंड शिफ्ट आहे, बस येईल इतक्यात. टँकरही गेला वाटतं. पुढच्या शनिवारी भेटू. सलाम.