पोर आकडे मोजील, तेव्हा वेचणी थांबवा



परतीचा पाऊस आणि कापसाची वेचणी एकाच वेळी गाठ घालतात. ज्वारीही तेव्हाच कापणीला येते. गडगडले तरी आपण म्हणतो, एवढी पात उरकू. पाऊस आला की बांधावरच्या लिंबाखाली धावतो. २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसे मेली. हवा तापते तशी तिच्यात वाफ जास्त मावते, ढगांना जोर चढतो.

म्हणून आमची मागणी आहे, शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात प्रत्येक पोराला हा धडा द्या. वीज चमकली की सेकंद मोजायचे. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. तिसाच्या आत गडगडले, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम टाकून पक्क्या घरात जायचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. झाड, मचाण, उघडी टिनाची शेड हा आसरा नव्हे.

पोरे हे शिकतील. पण पोरगी मोजून सांगते, तेव्हा "गप, कापूस भिजेल" असे म्हणणारे आपणच. वेचणी किलोवर असते. थांबले की मजूर बाईची मजुरी बुडते, म्हणून ती वाकलेलीच राहते.

तेव्हा आजच्या बैठकीत आपण ठरवू या: पोराने सांगितले की सगळ्यांनी थांबायचे, आणि थांबल्या वेळेची मजुरी मालकाने द्यायची. भिजल्या कापसाच्या भावासाठी आपण पुढेही भांडू. त्यासाठी माणसे शिल्लक हवीत.