बिघडलेल्या केसेस



मघाशी तुमच्या दंतमहाविद्यालयातली पहिल्या वर्षाची मुलं मला मेणात कोरलेल्या दाढा दाखवत होती. एकीला तिची दाढ तीनदा परत कोरायला लावली होती. सांगताना तिचे डोळे भरून आले. बाळ, तुझ्यासारखे माझेही हात थकलेत, त्याविषयीच आज बोलतो.

१९९४ साली मी साताऱ्यात दवाखाना टाकला. एक खुर्ची, मदतीला एक मावशी. चांदी भरायची तर पारा आणि पूड खलात घोटायची. एक्स-रेची फिल्म काळ्या डब्यात हात घालून धुवायची. मग ऑटोक्लेव्ह आला, दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट आलं, फिल्मशिवाय एक्स-रे काढणारं आरव्हीजी आलं. दर वेळी कर्ज काढलं, धास्तावलो, शिकलो. यंत्र बदलल्याचा ताण सहा महिन्यांत विरतो.

२०२०चा ताण विरला नाही. करोनामुळे २५ मार्चला देश बंद झाला. दात कोरायचा आपला एअरोटर मिनिटाला ३ लाखांहून जास्त फेरे घेतो आणि पाण्याचे तुषार लाळेसकट हवेत उडवतो. ज्या यंत्रावर घर चालत होतं, त्याचीच भीती बसली. दवाखाना बंद, भाडं आणि हप्ते चालू. मावशींचा पगार थांबवायचा नाही, एवढं बायकोनं आणि मी पहिल्याच रात्री ठरवलं. पुढच्या कित्येक रात्री झोप आली नाही.

दवाखाना पुन्हा उघडला तो पीपीई किट घालून. अंग घामानं निथळायचं, चष्म्यावर वाफ धरायची. अशाच एका दुपारी रूट कॅनॉल करताना मुळाची नळी साफ करायची बारीक फाइल तुटली आणि तुकडा मुळाच्या टोकाशी अडकला. फाइल कुणाच्याही हातून तुटते, पण त्या दिवशी माझे हात थरथरू लागले. पेशंट सत्तरीचे आजोबा. त्यांना एक्स-रे दाखवला, तुकडा आत राहिलाय हे सांगितलं, पुढे काय काय करता येईल तेही सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आधी पाणी प्या."

त्या रात्री मी समोरच्या गल्लीतल्या दंतवैद्याला फोन केला. पेशंट वाटले जातात म्हणून आम्ही वर्षानुवर्षं फक्त लग्नाकार्यात बोलत होतो. तोही जागाच होता. तासभर बोललो. आज आम्ही सहा जण दर गुरुवारी भेटतो आणि बिघडलेल्या केसेस मांडतो. जमलेल्या केसेस कुणी आणत नाही.

आपलं काम फार एकट्याचं आहे. पेशंटला बोलता येत नाही, आपल्याला मान वर करता येत नाही. दिवसभर दुसऱ्याची भीती घालवायची आणि स्वतःची घरी न्यायची, असं मी २६ वर्षं केलं. ते चूक होतं. मानेचंही तसंच. वरची दाढ आरशातून पाहायचा कंटाळा केला, वाकत राहिलो, आता डावा हात मुंग्या येऊन जागं करतो. तुम्ही आरशातून पाहायची सवय इथेच, सरावाच्या फँटम हेडवरच लावून घ्या. आणि अध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे, केसेसचा कोटा पूर्ण झाला का हे विचाराल तेव्हा मूल जेवलंय का, तेही विचारा.

इंटर्न मुलांनो, कार्यक्रम संपल्यावर मी तासभर कँटीनमध्ये आहे. कुणाची केस बिघडली असेल तर एक्स-रे घेऊन या.