खेद आणि अपराधभाव
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या आणि मराठी वाचकांपर्यंत कि. मो. फडके यांच्या लेखनातून पोहोचलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीत खेद आणि अपराधभाव, म्हणजे चुकीपायी स्वतःलाच नालायक ठरवणारी भावना, यांत मूलभूत भेद केला आहे. घडून गेलेली घटना बदलत नाही; मात्र ‘असे घडायलाच नको होते’ हा हट्टी समज मनाला यातना देत राहतो, आणि समज तपासून बदलता येतो, हेच या पद्धतीचे खरे बळ होय. मूल्यमापन कृतीचे करावे, संपूर्ण माणसाचे नव्हे, असे एलिस सांगत. त्यामुळे खेद उरला तरी तो भरपाईकडे वळू शकतो. ही शिकवण जबाबदारी टाळण्याची मुभा देते, हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही.