अर्जातल्या रकान्याची राखण

श्रोतेहो, सिंदेवाहीकडचे मुख्य पीक धान. पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकले, की पोचट दाणा वर तरंगतो आणि भरीव दाणा तळाशी बसतो. संगणकावर भरायच्या अर्जातही अशीच निवड चालते, बरे का!

बँकेचा आयएफएससी क्रमांक घ्या. त्यात ११ स्थाने. पहिली ४ अक्षरे बँकेची, पाचव्या जागी शून्य आणि शेवटची ६ स्थाने शाखेची. कुणी शून्याऐवजी 'ओ' लिहिला, तर रकान्याने तिथेच अडवावे आणि 'पाचव्या जागी शून्य हवे' असे सांगावे. नुसते 'चूक' म्हटल्याने शेतकऱ्याला काय उमगणार? आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचा आकडा तर आधीच्या ११ आकड्यांवरून काढलेला असतो. एक आकडा चुकला, की हिशेब जुळत नाही.

ही राखण दोन ठिकाणी हवी. पडद्यावरची तपासणी भरणाऱ्याच्या सोयीची. ती चुकवता येते. म्हणून अर्ज जिथे पोचतो, त्या संगणकावर तेच नियम पुन्हा लावायचे. २००५ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या 'जँगो'सारख्या तयार सांगाड्यात ते नियम एके ठिकाणी लिहून ठेवता येतात.

मात्र नियम घडण पाहतो, खरेपण नव्हे. शेजाऱ्याचा खाते क्रमांकही नियमात चोख बसेल आणि धानाचे पैसे भलतीकडे जातील! तेव्हा गुरुजी, मुलांना अर्ज भरायला शिकवताना पासबुक समोर ठेवा, आणि बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायला लावा.